ग्रेप लावला म्हणजे एसएसएच गेलं?

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत चादर कारखान्यांचे सर्व्हर सांभाळणारी पोरं एकमेकांना एक मंत्र देतात: टीसीपीडम्पच्या (नेटवर्कवरची पॅकेट, म्हणजे डेटाचे तुकडे, पकडून ओळीओळीने छापणारा प्रोग्राम) पुढे पाइप करून, म्हणजे त्याच्या ओळी थेट पुढच्या प्रोग्रामला देऊन, 'ग्रेप -व्ही २२' (२२ असलेल्या ओळी गाळणारी आज्ञा) लावा, एसएसएचच्या, म्हणजे दुरून सर्व्हरवर लॉगिन करण्याच्या पोर्ट २२ वरच्या वाहतुकीच्या, ओळी जातात, सर्व्हरवरचा लोडही उतरतो.

दोन्ही चूक. ग्रेपला पोर्ट (कुठल्या सेवेची वाहतूक हे सांगणारा क्रमांक) कळत नाही, अक्षरं कळतात. टीसीपीडम्पची ओळ वेळेने सुरू होते, तीही २४ तासांच्या घड्याळाने. म्हणजे रात्री १० ते ११ या तासातली प्रत्येक ओळ '२२' ने सुरू होते, आणि एकही दिसणार नाही! नेमका रात्रपाळीतला बिघाड शोधताना. उलट टीसीपीडम्पला '-एन' (नावांऐवजी आकडे छापण्याचा पर्याय) दिला नसेल, तर पोर्ट २२ च्या जागी 'एसएसएच' हे नाव छापलं जातं. ती ओळ ग्रेपखालून आरामात निसटते.

लोडचं म्हणाल, तर ग्रेपपर्यंत येण्याआधीच पॅकेट पकडून, उलगडून, छापून झालेलं असतं. वाचला तो फक्त स्क्रीन. 'नॉट पोर्ट २२' हे टीसीपीडम्पलाच सांगा; लिनक्समध्ये ही चाळणी कर्नलमध्येच, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्यातच, लागते. पण तुमचं स्वतःचं एसएसएच सोडून कुणी बाहेरचा २२ वर धडका मारत असेल, तर तोही लपेल. म्हणून 'नॉट'नंतर कंस करून त्यात पोर्ट २२ सोबत 'अँड'ने, ज्या मशीनवरून तुम्ही सर्व्हरला जोडलेले आहात त्याचा आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) जोडा.

ग्रेप हवाच असेल, तर टीसीपीडम्पला '-एल' (ओळ झाली की लगेच पुढे पाठवण्याचा पर्याय) द्या, नाहीतर ओळी बफरमध्ये, म्हणजे तात्पुरत्या साठ्यात, अडकून उशिरा येतात.