ग्रब रेस्क्यू

उबुंटू किंवा डेबियन या लिनक्स प्रणालींची नवी आवृत्ती चढवून संगणक रीस्टार्ट करावा, आणि नेहमीच्या मेनूऐवजी काळ्या पडद्यावर 'ग्रब रेस्क्यू>' एवढेच उमटावे, ही ग्रब या बूटलोडरची (संगणक सुरू होताना ऑपरेटिंग सिस्टीम उचलून देणाऱ्या प्रोग्रॅमची) अर्धवट जागी झालेली अवस्था होय. डिस्कवरच्या फायली बहुतेक वेळा जशाच्या तशा असतात. घाबरून डिस्क फॉरमॅट करणे हेच यातले खरे नुकसान.

ग्रबची सुरुवात १९९५ साली झाली. आज वापरात आहे ती दुसरी पिढी. संगणक सुरू करण्याच्या जुन्या बायोस पद्धतीत डिस्कच्या पहिल्या, ५१२ बाइटच्या सेक्टरमध्ये ग्रबचा कोड मावायला जेमतेम ४४६ बाइट मिळतात. म्हणून तेथला इवलासा कोड पहिल्या पार्टिशनच्या (डिस्कच्या विभागाच्या) आधीच्या मोकळ्या जागेतला ग्रबचा गाभा उचलतो आणि तो गाभा 'बूट' फोल्डरमधली मॉड्यूल्स (ग्रबचे जोडभाग) उचलतो. गाभा व मॉड्यूल्स एकाच आवृत्तीची लागतात, आणि घोळ इथेच होतो. अपग्रेडमध्ये फोल्डरमधली मॉड्यूल्स बदलतात. गाभा मात्र पॅकेजच्या सेटिंगमध्ये नोंदलेल्या डिस्कवर लिहिला जातो. मध्यंतरी हार्डडिस्क काढून एसएसडी बसवली असेल, तर ती नोंद शिळी ठरते आणि प्रत्यक्ष बूट होणाऱ्या डिस्कवर जुनाच गाभा राहतो. जुलै २०२० मध्ये 'बूटहोल' ही सुरक्षा-त्रुटी बुजवणारे अपडेट आले, तेव्हा 'सिम्बॉल ग्रब_कॅलॉक नॉट फाउंड' हा संदेश अनेकांना दिसला तो यामुळेच: नवी मॉड्यूल्स जे फंक्शन मागत होती, ते जुन्या गाभ्यात नव्हतेच.

रेस्क्यूमध्ये 'एलएस' टाइप केले की पार्टिशने दिसतात. फक्त मॉड्यूल्सचा पत्ता चुकला असेल, तर तो पत्ता सांगणारे 'प्रीफिक्स' योग्य फोल्डरकडे वळवून 'इन्समॉड नॉर्मल' आणि मग 'नॉर्मल' दिले की मेनू परत येतो. आवृत्त्याच जुळत नसतील, तर 'इन्समॉड' तोच संदेश पुन्हा तोंडावर फेकते. मग लाइव्ह पेनड्राइव्हला (ज्यावरून थेट लिनक्स चालते अशा पेनड्राइव्हला) पर्याय नाही. त्यावरून मूळ पार्टिशन माउंट करायचे (वापरासाठी जोडायचे), 'डेव्ह', 'प्रॉक', 'सिस' हे सिस्टीम फोल्डर त्यात जोडायचे, 'सीएचरूट'ने त्या मूळ प्रणालीच्या आत शिरून 'ग्रब-इन्स्टॉल' व 'अपडेट-ग्रब' चालवायचे. 'ग्रब-इन्स्टॉल'ला अख्खी डिस्क सांगायची (एसडीए), पार्टिशन (एसडीए१) नव्हे. 'बूट' वेगळ्या पार्टिशनवर असेल तर तेही आधी माउंट करावे लागते. हे हमखास राहून जाते. शेवटी 'डीपीकेजी-रीकॉन्फिगर ग्रब-पीसी' चालवून योग्य डिस्कवर खूण केली नाही, तर पुढच्या अपडेटला हेच रामायण.

बायोसच्या जागी आलेल्या यूईएफआय पद्धतीच्या यंत्रांत पहिल्या सेक्टरची ही कसरत नसते. ग्रब एका फॅट पार्टिशनवर फाइल म्हणून राहतो आणि तक्रार बहुधा बूटक्रमाची किंवा सिक्युअर बूटची (सही असलेलेच प्रोग्रॅम सुरू होऊ देणाऱ्या सोयीची) निघते.

मेनू दिसतो, पण पुढे 'अनेबल टू माउंट रूट एफएस' म्हणून कर्नल (लिनक्सचा मुख्य प्रोग्रॅम) पॅनिक होतो, म्हणजे अडकून थांबतो, तो प्रकार निराळा. तिथे ग्रबचा दोष नाही. बहुधा 'बूट' पार्टिशन भरल्याने नव्या कर्नलला सुरुवातीला लागणारी इनिट्रॅमएफएस फाइल तयारच झालेली नसते. अशा वेळी 'अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स'मधून जुना कर्नल निवडून आत जावे, त्याहून जुने कर्नल काढून जागा करावी आणि 'अपडेट-इनिट्रॅमएफएस' चालवावे.