काठावर पास होण्याचं गणित

शंभर जण दहा-दहा डॉलर भरून एका स्पर्धेत उतरतात. पहिल्या पन्नास जणांना प्रत्येकी १८ डॉलर मिळतात, उरलेल्यांचे पैसे गेले. पहिल्या क्रमांकाला १८ आणि पन्नासाव्यालाही १८. बोर्डात आलेला आणि काठावर पास झालेला, दोघांच्या हातात सारखंच प्रमाणपत्र. अमेरिकेतल्या डेली फँटसी फुटबॉलमध्ये अशा स्पर्धांना ‘कॅश गेम’ म्हणतात. फुटबॉल म्हणजे अर्थात त्यांचा फुटबॉल: हेल्मेट, लांबुळका चेंडू आणि एनएफएल या त्यांच्या लीगचे ३२ संघ.

आपल्याकडे पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये कायदा करून बंदी घातली आणि मुंबईच्या ड्रीम११लाही पैशांच्या स्पर्धा बंद कराव्या लागल्या. तेव्हा इथे खेळायचा सल्ला नाही. पण संभाव्यताशास्त्र शिकवायला इतकं जिवंत उदाहरण सहसा सापडत नाही, म्हणून हा खटाटोप.

आधी नियम. ड्राफ्टकिंग्ज या कंपनीच्या नेहमीच्या स्पर्धेत प्रत्येकाला ५०,००० डॉलरचं लुटुपुटुचं बजेट मिळतं. प्रत्येक खेळाडूची किंमत ठरलेली असते. त्यात नऊ जागा भरायच्या: एक क्वार्टरबॅक (पास फेकणारा), दोन रनिंग बॅक (चेंडू घेऊन धावणारे), तीन वाइड रिसीव्हर (पास झेलणारे), एक टाइट एंड (झेलणारा आणि अडवणाराही), एक फ्लेक्स (रनिंग बॅक, रिसीव्हर किंवा टाइट एंड, कुणीही) आणि एका संघाचा अख्खा बचाव. खरे खेळाडू मैदानात जे करतील त्याचे गुण तुम्हाला. धावून किंवा झेल घेऊन काढलेल्या दर दहा यार्डांना १ गुण, प्रत्येक झेलाला १, आणि टचडाऊनला, म्हणजे चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या टोकाच्या पट्ट्यात नेण्याला, ६. पास फेकणाऱ्याचे गुण वेगळे मोजतात आणि ते कमी असतात.

समजा २० क्वार्टरबॅक, ४० रनिंग बॅक, ६० रिसीव्हर, २० टाइट एंड आणि २० बचाव यांतून निवडायचं आहे. फ्लेक्सची जागा बाजूला ठेवली तरी २१ हजार कोटींहून जास्त जोडण्या होतात. ठरावीक मर्यादेत जास्तीत जास्त मोलाच्या वस्तू भरायच्या, या जातीच्या कोड्याला गणितात ‘नॅपसॅक प्रॉब्लेम’ म्हणतात. सगळ्या जोडण्या तपासत बसलं तर संपायचं नाही, पण पूर्णांक प्रोग्रॅमिंगच्या पद्धती अख्ख्या फांद्याच्या फांद्या न तपासता छाटून टाकतात आणि साधा लॅपटॉपही काही क्षणांत उत्तर देतो. म्हणजे संगणकाला हा भाग सोपा आहे. अवघड आहे ते त्याला काय विचारायचं हे ठरवणं.

‘सरासरीने सगळ्यात जास्त गुण करणारा संघ दे’ असं बहुतेक जण विचारतात. कॅश गेमसाठी हा प्रश्न थोडा चुकतोच. समजा पास होण्याची रेषा १३० गुणांवर आहे. पहिल्या संघाची अपेक्षित सरासरी १३६ आणि प्रमाण विचलन, म्हणजे चढउताराचं माप, २०. दुसऱ्याची सरासरी १३८, पण प्रमाण विचलन ३२. गुणांची विभागणी साधारण घंटेच्या आकाराची मानली, तर पहिला संघ रेषा ओलांडण्याची शक्यता सुमारे ६२ टक्के निघते आणि दुसऱ्याची ६०. सरासरी जास्त असूनही दुसरा मागे! हे दोन टक्के क्षुल्लक वाटतील, पण कंपनी हजारातले शंभर डॉलर आधीच काढून घेते. दहा लावून अठरा मिळवायचे, तर नुसती बरोबरी साधायलाही ५५.६ टक्के वेळा जिंकावं लागतं. कमाईची फटच एवढी अरुंद आहे.

उलटही खरं आहे. संघाची सरासरी रेषेच्या खाली असेल तर चढउतार जितका मोठा तितकं बरं, कारण नशिबाने उसळी मारल्याशिवाय पास होण्याची आशाच कमी.

हा चढउतार येतो कुठून? मुख्यतः टचडाऊनमधून. एखादा खेळाडू सामन्याला सरासरी ०.६ टचडाऊन करतो असं धरू. दुर्मीळ घटनांसाठी वापरतात ते पॉयसाँचं सूत्र लावलं, तर त्याला एकही टचडाऊन न मिळण्याची शक्यता ५५ टक्के येते आणि दोन किंवा जास्त मिळण्याची १२ टक्के. एकेका टचडाऊनचे सहा गुण, म्हणजे सगळा मामला उड्यांचा. याउलट ज्याच्या हातात सामन्यात वीस वेळा चेंडू येतो, त्याचे यार्ड थोडे इकडे थोडे तिकडे होत सरासरीच्या आसपास राहतात. म्हणून मुरलेले खेळाडू गेल्या रविवारच्या टचडाऊनकडे फारसं बघत नाहीत, चेंडू किती वेळा हातात आला ते मोजतात. ख्रिश्चन मॅकॅफ्रीने २०१९च्या हंगामात १,३८७ यार्ड धावून काढले आणि वर ११६ झेल घेत आणखी १,००५ यार्ड जोडले. रनिंग बॅक असून एवढे झेल, म्हणून इतका महाग असूनही कॅश गेमवाले त्याला घेतच राहिले.

चढउताराचा दुसरा उगम सहसंबंधात आहे. क्वार्टरबॅकने २५ यार्डांचा टचडाऊन पास दिला तर त्याला ५ गुण मिळतात आणि तो झेलणाऱ्या रिसीव्हरला ९.५. दोघे तुमच्या संघात असतील तर एका फेकीत १४.५. अशी जोडी लावण्याला ‘स्टॅक’ म्हणतात. लाखभर स्पर्धकांत पहिलं यायचं असेल तर स्टॅक हवाच. कॅश गेममध्ये मात्र दोघे एकत्र बुडण्याचीही तयारी ठेवावी लागते, त्यामुळे इथे स्टॅक चालतो, पण तो केलाच पाहिजे असं नाही.

आतापर्यंत मी १३० ही रेषा स्थिर धरली. खरं तर ती स्थिर नसते. ती इतर ९९ जणांच्या गुणांवर ठरते, आणि मला सगळ्यात मजा वाटते ती इथेच.

खेळाडूंच्या किमती आठवड्याच्या सुरुवातीला ठरतात आणि नंतर बदलत नाहीत. शेवटची ‘हे खेळणार नाहीत’ अशी यादी मात्र सामन्याआधी ९० मिनिटांवर येते. मुख्य रनिंग बॅक जखमी निघाला की त्याचं सगळं काम राखीव खेळाडूकडे जातं, किंमत मात्र राखीवचीच राहते. ९ सप्टेंबर २०२४ला मॅकॅफ्री दुखापतीमुळे खेळला नाही आणि त्याच्या जागी राखीव जॉर्डन मेसनने २८ वेळा चेंडू घेऊन १४७ यार्ड आणि एक टचडाऊन काढला. शंभर यार्डांचे ३ बोनस गुण धरून नुसत्या धावण्याचे २३.७ गुण. (सामना सोमवारचा होता, रविवारच्या मुख्य स्पर्धांत तो नव्हता, पण कामाचं हस्तांतर कसं होतं ते यात स्वच्छ दिसतं.)

असा स्वस्त खेळाडू दिसला की सगळेच त्याच्यावर तुटून पडतात. समजा ७० टक्के स्पर्धकांनी त्याला घेतलं आणि त्याने अपेक्षेपेक्षा २० गुण जास्त केले. सगळ्या स्पर्धकांची सरासरी १४ने वर जाते आणि रेषाही साधारण तेवढीच सरकते. तुमच्याकडे तो नसेल तर बसल्या जागी १४ गुणांनी मागे. तो फसला, तर रेषाही त्याच्याबरोबर खाली येते आणि ज्यांनी त्याला घेतलं त्यांचं नुकसान निम्म्याहून कमी होतं. तुमचा निकाल तुमच्या गुणांवर लागत नाही, तुमचे गुण आणि रेषा यांतल्या फरकावर लागतो. त्या फरकातून सगळ्यांकडे असलेला खेळाडू जवळजवळ वजाच होतो. गर्दीच्या मागे जाणं एरवी आळशीपणाचं वाटतं. इथे तो विमा आहे.

मार्टिन हॉ आणि राघव सिंगल या संशोधकांनी हेच नीट सूत्रात मांडलं. प्रतिस्पर्धी कुणाला निवडतील याचंच त्यांनी संभाव्यतेचं प्रारूप केलं आणि २०१७च्या एनएफएल हंगामातल्या स्पर्धांवर ते लावून पाहिलं. गर्दीचा कल आधी कळणं किती मोलाचं, याची चुणूक २०१५मध्येच मिळाली होती. ड्राफ्टकिंग्जच्या एका कर्मचाऱ्याकडून कोणता खेळाडू किती जणांनी घेतला ही आकडेवारी वेळेआधी बाहेर पडली, आणि त्याच आठवड्यात तो फॅनड्युएल या प्रतिस्पर्धी कंपनीकडे साडेतीन लाख डॉलर जिंकल्याचं उघड झालं. संघ बदलण्याची मुदत संपल्यावरच ती माहिती त्याच्या हाती आली, असा निष्कर्ष कंपनीने नेमलेल्या तपासात निघाला. तरी दोन्ही कंपन्यांनी आपल्या कर्मचाऱ्यांना पैसे लावून खेळायला बंदी केलीच.

रविवारी दुपारी एकचे सामने संपतात तेव्हा हे गणित पुन्हा मांडावं लागतं, कारण चारनंतरच्या सामन्यांतले खेळाडू ड्राफ्टकिंग्जवर ते सामने सुरू होईपर्यंत बदलता येतात. समजा दोघांच्याच स्पर्धेत तुम्ही १२ गुणांनी पुढे आहात आणि दोघांचा एकेकच खेळाडू उरला आहे. प्रतिस्पर्ध्याकडे कोण असेल याचा अंदाज आला आणि बजेटात बसलं, तर तोच घ्यावा. त्याने ४० गुण केले काय किंवा शून्य केले काय, फरक १२च राहतो. मागे असलेल्यालाही हे कळतं. म्हणून तो चार वाजून पंचवीस मिनिटांच्या सामन्याआधी सर्वांचा लाडका खेळाडू काढून, कुणाच्या ध्यानीमनी नसलेला एखादा लांब पासवर जगणारा रिसीव्हर आत घालतो.