अ‍ॅस्पर्जर : फाइलवर नसलेला शब्द

आमच्या मुलाच्या फाइलवर 'ऑटिझम स्पेक्ट्रम डिसऑर्डर, लेव्हल १' असं लिहिलंय, म्हणजे सर्वांत कमी मदत लागणारी पातळी. अ‍ॅस्पर्जर हा शब्द ठाण्यातल्या डॉक्टरांनी फक्त तोंडी उच्चारला. "पूर्वी याला अ‍ॅस्पर्जर म्हणायचे," म्हणाले आणि पुढची तारीख दिली. मी त्या 'पूर्वी'लाच अडकलो. रात्री दोनपर्यंत मोबाइलवर वाचत बसलो. रडायचं काम बायकोने एकटीने केलं.

पूर्वी म्हणजे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात. १९४३ साली अमेरिकेत बाल्टिमोरला बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी ११ ऑटिस्टिक मुलांवर लेख लिहिला. पुढच्याच वर्षी व्हिएन्नात बालरोगतज्ज्ञ हान्स अ‍ॅस्पर्जर यांचा जर्मन लेख आला. त्यात चार मुलगे होते. बोलण्यात पटाईत, आवडीच्या विषयात बुडालेले, पण बरोबरीच्या मुलांत मिसळताना अडखळणारे. अशा सहा मुलग्यांचं वर्णन मॉस्कोच्या मनोविकारतज्ज्ञ ग्रून्या सुखारेव्हा यांनी १९२६ सालीच जर्मनमध्ये छापलं होतं, पण त्या बाईंचं नाव कुठल्या निदानाला मिळालं नाही.

मला थांबवलं ते वेगळ्याच गोष्टीने. या मुलांच्या आईवडिलांत, विशेषतः वडिलांत, तसेच गुण दिसतात, असं अ‍ॅस्पर्जर यांनी नोंदवलं होतं. आईला सांगितलं, तर ती भाजी निवडता निवडता म्हणाली, "मग तू कोण वेगळा होतास? एसटीच्या पाट्या पाठ करत फिरायचास. लग्नघरी कोणाशी बोलला नाहीस कधी."

हे आईवडिलांच्या वागण्याने होत नाही, रक्तातून येतं, हे कळायला जगाला मात्र बराच वेळ लागला. अवस्था जन्मजात असावी असं कॅनर यांनी सुरुवातीला म्हटलं होतं, पण आईवडील भावनाशून्य वाटतात अशीही नोंद केली होती. लोकांनी नेमकी तीच उचलली. 'रेफ्रिजरेटर मदर' हा शब्द रुळला आणि ब्रुनो बेटलहाइम यांच्या १९६७ च्या पुस्तकाने तो घराघरांत नेला. म्हणजे आई बर्फासारखी, म्हणून मूल असं. स्वतः ऑटिस्टिक मुलाचे वडील असलेले मानसशास्त्रज्ञ बर्नार्ड रिमलंड यांनी १९६४ मध्येच ही कल्पना खोडून काढली होती. शेवटी १९६९ साली कॅनर यांनी पालकांच्या सभेत उभं राहून त्यांना दोषमुक्त केलं. १९७७ साली ब्रिटनमध्ये जुळ्यांचा अभ्यास झाला. एकसारख्या जुळ्यांच्या ११ जोड्यांपैकी चार जोड्यांत दोघंही ऑटिस्टिक निघाले. वेगळ्या जुळ्यांच्या १० जोड्यांत एकही तशी नव्हती. आनुवंशिकतेकडे बोट दाखवणारा हा पहिला भक्कम पुरावा.

तरी आमच्याकडे डोंबिवलीच्या मावशींनी विचारलंच, "दोघं नोकरीला, पोर बाईकडे. मग दुसरं काय होणार?" माझ्याकडे कोणी पाहिलं नाही. सगळ्यांच्या नजरा बायकोकडेच. एसटीच्या पाट्यांची गोष्ट तेव्हाच मोठ्याने सांगायला हवी होती. मी चहा पीत राहिलो.

अ‍ॅस्पर्जर यांचा लेख इंग्रजी जगात जवळजवळ कोणी वाचला नव्हता. तो पुढे आणला लंडनच्या मनोविकारतज्ज्ञ लॉर्ना विंग यांनी, १९८१ मध्ये. त्या स्वतः एका ऑटिस्टिक मुलीच्या आई होत्या. मूळ लेखातला 'ऑटिस्टिक सायकोपथी' हा शब्द त्यांनी टाळला, कारण सायकोपाथ म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे गुन्हेगार येतो. त्याऐवजी त्यांनी 'अ‍ॅस्पर्जर सिंड्रोम' वापरलं. १९९४ च्या डीएसएम-४ मध्ये, म्हणजे मानसिक विकारांच्या निदानाच्या अमेरिकी पुस्तकात, त्याला स्वतंत्र जागा मिळाली आणि २०१३ च्या डीएसएम-५ मध्ये ती गेली. सौम्य ऑटिझम कुठे संपतो आणि अ‍ॅस्पर्जर कुठे सुरू होतो, यावर डॉक्टरांचंच एकमत होत नव्हतं, म्हणून सगळं एका स्पेक्ट्रमखाली घेतलं. २०२२ पासून लागू झालेल्या आयसीडी-११ मध्ये, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीतही तेच.

नाव काढल्यावर त्या नावामागचा माणूस उघडा पडला. २०१८ मध्ये इतिहासकार हेर्विग चेक यांनी व्हिएन्नातली जुनी कागदपत्रं समोर आणली. नाझी काळात तिथल्या श्पीगेलग्रुंड या संस्थेत सुमारे ८०० मुलं दगावली, अनेक मुद्दाम मारली गेली. तिथे दोन लहान मुलींना पाठवण्याची शिफारस अ‍ॅस्पर्जर यांनी केली होती. दोघीही वाचल्या नाहीत. हे वाचल्यापासून तो शब्द माझ्या तोंडून सहज निघत नाही. पण शेजारच्यांना 'ऑटिझम' सांगितलं तर पटत नाही. "अहो, किती छान बोलतो!" मराठीतला 'स्वमग्न' तर याला अजिबात बसत नाही. हा समोरच्याचा कान खाईपर्यंत ट्रेनबद्दल बोलतो.

आपल्याकडे १९९५ च्या अपंग कायद्यात सात प्रकार होते, ऑटिझम नव्हता. १९९९ च्या नॅशनल ट्रस्ट कायद्यात तो आला आणि २०१६ च्या कायद्यातल्या २१ प्रकारांत त्याला जागा मिळाली. प्रमाणपत्रासाठी 'इसा' ही भारतीय मोजपट्टी लावतात. ४० प्रश्न, प्रत्येकाला एक ते पाच गुण, आणि बेरीज ७० च्या खाली असेल तर ऑटिझम नाही. आमच्या मुलासारख्या बडबड्याची गाडी नेमकी इथेच अडते. तपासणीच्या खोलीत अर्धा तास तो सभ्य वागतो. शाळेच्या स्नेहसंमेलनात ढोल वाजले की टेबलाखाली जातो. नवी मुंबईत वाशीला अपंग मुलांसाठी महापालिकेचं ईटीसी हे शिक्षण-प्रशिक्षण केंद्र आहे, खारघरला बौद्धिक अपंगत्वावरच्या राष्ट्रीय संस्थेचं विभागीय केंद्र. या रांगांत उभं राहिल्यावर पहिल्यांदा आम्हाला आमच्यासारखे आईबाप भेटले.

ठाणे-वाशी लोकलची स्टेशनं त्याला चौथ्या वर्षापासून पाठ. ठाणे, ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे, सानपाडा, वाशी. १२ जानेवारी २०२४ ला मध्येच दिघा गाव सुरू झालं. पहिल्यांदा ती गाडी तिथे थांबली, तेव्हा त्याने कानांवर हात ठेवले आणि ऐरोलीपर्यंत "चूक आहे, चूक आहे" म्हणत राहिला. डब्यातली एक बाई बायकोकडे बघून काही बोलणार होती. या वेळी मी म्हटलं, "त्याला ऑटिझम आहे. लहानपणी मीही असाच होतो." बाई सरकून बसल्या. बायकोने माझ्याकडे पाहिलं आणि पर्समधून त्याचे हेडफोन काढले.

पुढे तीन महिने तो यादी म्हणताना दिघा गाव गाळायचा. आता म्हणतो, पण आधी क्षणभर थांबून.