खानदेशच्या उन्हाळ्यात टिकणारी घरगुती सौर यंत्रणा

जळगाव, धुळे, नंदुरबारकडे ऊन मुबलक असल्याने छतावर कोणतेही पॅनेल बसवले तरी वीज भरपूर मिळेल, असा समज सर्रास आढळतो. वास्तविक पॅनेलला हवा असतो तो प्रकाश. उष्णतेने त्याची वीज घटते. पॅनेलवर छापलेली क्षमता त्यातील सेलचे (वीज तयार करणाऱ्या चकत्यांचे) तापमान २५ अंश सेल्सिअस असताना मोजलेली असते, आणि भुसावळच्या मे महिन्यातील दुपारी, हवेचे तापमान ४३ ते ४५ अंश असताना, सेलचे तापमान सहज ७० अंशांवर जाते.

म्हणून माहितीपत्रकात 'तापमान गुणांक', म्हणजे सेल २५ अंशांहून जितके तापेल त्यातील दर अंशामागे वीज किती टक्क्यांनी घटते तो आकडा, आवर्जून पाहावा. मोनो-पर्क या प्रकारच्या पॅनेलमध्ये तो साधारणतः उणे ०.३५ टक्के प्रति अंश असतो, तर टॉपकॉन या दुसऱ्या प्रकारात उणे ०.३० टक्क्यांच्या आसपास. म्हणजे ७० अंशांना ५५० वॅटचे मोनो-पर्क पॅनेल सुमारे ४६३ वॅट देते आणि तेवढ्याच क्षमतेचे टॉपकॉन सुमारे ४७६ वॅट. हा फरक खरा असला तरी मोठा नाही, त्यामुळे त्यापायी फार जादा पैसे मोजू नयेत, असे माझे मत आहे. पॅनेल पत्र्याला चिकटवून न बसवता खालून वारा खेळेल अशा उंच सांगाड्यावर, दक्षिणेकडे तोंड करून सुमारे २० अंशांच्या उतारावर बसवणे अधिक मोलाचे. पंतप्रधान सूर्यघर योजनेचे अनुदान (३ किलोवॅटला ७८,००० रुपये) हवे असल्यास पॅनेल आणि त्यातील सेल दोन्ही भारतीय बनावटीचे असावे लागतात.

पॅनेलची वीज घरात वापरण्याजोगी करणारा इन्व्हर्टर निवडताना पहिला प्रश्न भारनियमनाचा. साधा ऑन-ग्रिड, म्हणजे थेट वीज कंपनीच्या तारांशी जोडलेला, इन्व्हर्टर वीज गेली की ऊन असूनही बंद पडतो, कारण तारांवर काम करणाऱ्या वायरमनला आपल्या छतावरून आलेल्या विजेचा धक्का बसू नये, यासाठी त्याची तशी रचनाच असते. वीज वारंवार जात असेल तर बॅटरी जोडता येणारा हायब्रिड इन्व्हर्टर घ्यावा. क्वचितच जात असेल तर ऑन-ग्रिड पुरेसा आहे आणि स्वस्तही. हवेचे तापमान ४५ अंशांच्या वर गेले की बरेच इन्व्हर्टर स्वतःच क्षमता कमी करतात, म्हणून ते पश्चिमेच्या भिंतीवर किंवा तापलेल्या पत्र्याखाली कधीही लावू नयेत.

बॅटरीला उष्णता सर्वाधिक बाधते. ट्युब्युलर लेड-ॲसिड, म्हणजे नेहमीच्या शिसे-आम्लाच्या, बॅटरीचे आयुष्य २५ अंशांच्या वर दर १० अंशांमागे साधारण निम्मे होते, त्यामुळे ती जिन्याखालच्या कोंदट कोपऱ्यात न ठेवता घरातील थंड आणि हवेशीर जागी ठेवावी. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-अवरच्या बॅटरीत १.८ युनिट वीज साठते, पण ती टिकायला हवी असेल तर त्यातील निम्मीच, म्हणजे ०.९ युनिट वापरावी. दोन बीएलडीसी (कमी वीज खाणारे) पंखे, चार एलईडी दिवे आणि वाय-फाय चार तास चालवायला अर्ध्या युनिटहून कमी वीज लागते, तेव्हा ही बॅटरी पुरते. मात्र त्यात २०० वॅटचा कूलर धरला की गरज सव्वा युनिटच्या घरात जाते. उन्हाळ्याच्या रात्री कूलरविना काढणे ज्यांना शक्य नाही, त्यांनी ८० ते ९० टक्के साठा वापरू देणारी, २४ व्होल्ट, १०० अँपिअर-अवरची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी घ्यावी. ती महाग असते, पण तिच्यातून दोन युनिटांहून अधिक वीज हाती येते.