केनियात शिकवायला जाताय? पहिल्या आठवड्यातला फोन करण्याआधी हे वाचा

(किसुमू परिसरातल्या शाळांत स्वयंसेवक म्हणून जाणाऱ्यांसाठी)

"काम फुकट करायचं, वर पैसेही आम्हीच भरायचे?" हा प्रश्न रोज येतो. होय, भरायचे. तुमची खोली, जेवण, पिण्याचं पाणी, तुम्हाला सांभाळून घेणाऱ्या शिक्षकाचा वेळ, हा खर्च कुणावर तरी पडतोच. तो यजमान कुटुंबावर पडू नये, एवढंच. आमचं शुल्क पावतीवर वेगळं लिहिलेलं असतं.

खरा घोळ पुढे होतो. चौथ्या-पाचव्या दिवशी फोन येतो: "इथे काही कामच देत नाहीत, शाळा बदलून द्या." आम्ही बदलून देत नाही, आणि त्यावरून बोलणीही खातो. पण कारण ऐका. तिथल्या शिक्षकाचं सत्राचं नियोजन आधी लिहून, मुख्याध्यापकांनी तपासून झालेलं असतं. पन्नास-साठ मुलांचा वर्ग ते अनोळखी माणसाच्या हाती लगेच देणार नाहीत. पहिले दोन आठवडे तुम्ही मागच्या बाकावर बसायचं, वह्या तपासायच्या, मुलांना तुमच्या इंग्रजीची सवय होऊ द्यायची. त्या काळात तुमच्याकडे बघणं चालू असतं. सकाळी शिक्षकखोलीत प्रत्येकाशी हात मिळवून विचारपूस करता का? मधल्या सुट्टीतला चहा सगळ्यांबरोबर घेता की मोबाइल घेऊन बाहेर जाता? सोमवारी आणि शुक्रवारी झेंड्यासमोर परिपाठ होतो, तिथे पाहुण्याला बहुधा दोन शब्द बोलायला सांगतात. दोन मिनिटांचं तयार ठेवा.

शाळा बदलली की हे दोन आठवडे पुन्हा पहिल्यापासून, शिवाय पहिली शाळा दुखावते ती वेगळीच. महिनाभरासाठी गेलेल्याच्या हाती मग शिकवायला जेमतेम आठवडा-दीड आठवडा उरतो. म्हणून सहा आठवड्यांखालची नोंदणी आम्ही घेत नाही.

दिवाळीच्या सुट्टीत जायचा आग्रह धरू नका. केनियात शैक्षणिक वर्ष जानेवारीत सुरू होतं आणि ऑक्टोबरच्या अखेरीस संपत येतं. नोव्हेंबरात बारावीसारखी केसीएसई परीक्षा असते, बाकी वर्ग बंद. आपली मे महिन्याची सुट्टी मात्र त्यांच्या दुसऱ्या सत्रात बरोबर बसते.

तिकीट आधी काढू नका. पर्यटक म्हणून मिळालेल्या ईटीएवर (निघण्याआधी ऑनलाइन काढायची प्रवेशपरवानगी) काम करता येत नाही, बिनपगारी कामसुद्धा. त्यासाठीचा वेगळा परवाना यजमान संस्थेमार्फत काढावा लागतो आणि त्याला वेळ लागतो. पीतज्वराची लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्या, कारण दाखला दहाव्या दिवसानंतरच ग्राह्य धरतात. लशीची कुपी एकदा तयार केली की सहा तासांत संपवावी लागते, त्यामुळे केंद्रं ठरावीक वारीच लस देतात. लशीला जाताना मूळ पासपोर्ट न्या. अंड्याची ॲलर्जी असेल तर आधी डॉक्टरांना सांगा. दाखल्याशिवाय परत आलात तर आपल्याच विमानतळावरून सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात जाल.

शाकाहारींनी नुसतं "मांस खात नाही" म्हणून भागत नाही. व्हिक्टोरिया सरोवराकाठी मासळी हे रोजचं अन्न, आणि मासे किंवा कोंबडी म्हणजे मांस, असं तिथे सगळे धरत नाहीत. मासे, कोंबडी, अंडी, एकेकाचं नाव घेऊन सांगा. मग उगाली (मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा), सुकुमा विकीची भाजी, राजमा आणि मक्याचं गिथेरी मिळेल. चपाती मिळते, पण मैद्याची, तेल लावलेली, आणि ती पाहुणचाराची गोष्ट मानतात. रोज मागू नका.

लाडू-चिवडा खुशाल न्या, पण डब्यात. 2017 पासून प्लास्टिकच्या कॅरीबॅगवर बंदी आहे आणि दंड मोठा आहे.

वर्गात छडी दिसली तर तिथल्या तिथे भांडू नका. कायद्याने ती 2001 पासून बंद आहे. मुख्याध्यापकांशी एकांतात बोला आणि आम्हाला कळवा. हा फोन मात्र पहिल्या दिवशीही चालेल.

अनाथालयात पाठवा, असंही बरेच जण म्हणतात. आम्ही पाठवत नाही. दर दीड महिन्याला नवा दादा, नवी ताई येऊन जाते, त्याचा त्रास मुलांनाच होतो. केनिया सरकारनेही 2017 मध्ये नव्या बालगृहांची नोंदणी थांबवली. दुसरं कुणी पाठवायला तयार असेल, तर परवाना कोणता काढणार हे त्यांना जरूर विचारा.

निघण्याआधी तीन शनिवार तयारीवर्ग असतो, शुल्कातच. स्वाहिलीतलं अभिवादन, बाजारातले आकडे आणि मलेरियाच्या गोळ्यांचं वेळापत्रक त्यात होतं. पासपोर्टची प्रत पहिल्याच शनिवारी आणा.