ठाण्याचे वरकस माळ आणि पेरलेल्या कुरणाचा हिशेब

शहापूर, मुरबाड, भिवंडीकडचे वरकस, म्हणजे भाताला न चालणारे हलक्या जमिनीचे, माळ पिढ्यान्‌पिढ्या गवत देत आले, पण ते गवत कुणी पेरलेले नव्हते. मुंबईच्या तबेल्यांसाठी पावलीच्या (वाळलेल्या गवताच्या) गाठी बांधून पाठवण्याच्या या धंद्यात जमीनमालकाचा मुख्य खर्च कापणीच्या मजुरीचा असे, आणि ती मजुरी किती तुटपुंजी होती हे १९४५ च्या वारली आदिवासींच्या लढ्याने उघड केले. ५०० पौंड गवत कापण्याबद्दल अडीच रुपये मिळावेत एवढीच त्या संपकऱ्यांची मागणी होती. त्याच ऑक्टोबरात तलवाड्याला (आता पालघर जिल्ह्यात) जमलेल्या आदिवासींवर गोळीबार झाला. स्वस्त श्रमावर आपोआप उगवलेले गवत पैसा देत असताना माळात भांडवल घालण्याची गरज मालकाला वाटली नसावी.

या रानगवताची उणीव कापणीच्या वेळेत आहे. पाऊस सरल्यावर, बी झडून काड्या पिवळ्या पडल्यावर ते कापले जाते. तोवर त्यातील प्रथिने तीन-चार टक्क्यांवर येतात, त्यामुळे जनावराचे पोट भरते, पण दुधासाठी पेंड विकत घ्यावी लागते. स्टायलोसारखे द्विदल गवत मारवेल या बहुवर्षीय गवतासोबत लावले, तर पेंडीचा काही भार कमी होतो. मात्र मशागत, बियाणे, मारवेलचे ठोंब (लावणीसाठीचे मुळांसकट फुटवे), स्फुरद खत आणि कुंपण हा सारा खर्च पहिल्याच जूनमध्ये करावा लागतो. शिवाय रोपे मूळ धरेपर्यंत चराई बंद ठेवावी लागते, आणि त्या काळात विकत घेतलेला चाराही लागवडीच्याच खर्चात धरला पाहिजे, जो बहुधा कुणी धरत नाही. परतावा मात्र पुढच्या काही वर्षांत थोडाथोडा येतो.

एवढी वाट तोच पाहू शकतो, ज्याला जमीन आपल्याकडे राहील याची खात्री आहे. १९४८ च्या कूळकायद्याने अनेक कसणाऱ्यांना ती दिली. गायरानावर मात्र खर्च एकाचा आणि चराई साऱ्या गावाची, अशी स्थिती राहिली. पुढे गोदामे आणि गृहसंकुले माळांपर्यंत आली, तेव्हा चार वर्षांनी मिळणाऱ्या चाऱ्यापेक्षा उद्याचा जमिनीचा भाव वजनदार ठरला.

संकरित नेपियर हे उंच वाढणारे चाऱ्याचे गवत या कोंडीतून वाट काढते, कारण पाणी असेल तर त्याची पहिली कापणी दोन-अडीच महिन्यांत हाती येते आणि एकदा लावलेले ठोंब तीन-चार वर्षे टिकतात. ज्यांच्याकडे विहीर किंवा बोअर आहे, त्यांचा हिशेब त्यामुळे जुळतो. कोरडवाहू वरकसावर त्याचा उपयोग नाही.