क्रोन्स-कोलायटिससाठी गांजाचं औषध: परवाना, पात्रता, कागदपत्रं

अर्ज कुठे करायचा? कुठेच नाही. क्रोन्स आणि कोलायटिस म्हणजे आतड्याला वर्षानुवर्षं सूज राहण्याचे आजार. अमेरिकेत न्यू जर्सी, इलिनॉयसारख्या राज्यांत क्रोन्सच्या पेशंटला औषधी गांजा घेण्याचं कार्ड मिळतं. आपल्याकडे तसं कार्डच नाही; तहसीलमध्ये नाही, सिव्हिलमध्ये नाही, सेतूत तर नाहीच. पैसे घेऊन काढून देतो म्हणणाऱ्याला ओटीवरूनच परत पाठवा.

कायदेशीर वाट आहे ती आयुर्वेदाची. भांगेपासून (गांजाच्याच झाडाची पानं, आयुर्वेदात विजया) केलेली औषधं वैद्याच्या चिठ्ठीवर मिळतात. औषध नियमांच्या अनुसूची ई-१ मध्ये भांग येते, त्यामुळे अशा डबीवर ‘वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे’ ही सूचना छापलेली असावी लागते. ती आणि उत्पादन परवान्याचा नंबर नसेल तर डबी घेऊ नका. ग्रहणीवर, म्हणजे जुनाट जुलाबाच्या आजारावर देतात त्या जातिफलादि चूर्णातही भांग असते. त्यातलं जायफळ आपल्या पोफळीच्या बागेत पिकतं म्हणून शेजारी भांगेचं रोपही लावावं असं कुणाच्या डोक्यात आलं, तर तो १९८५ च्या एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे.

पात्रतेची सरकारी यादी नाही. वैद्य ठरवतो, म्हणून वैद्य नोंदणीकृत हवा आणि चिठ्ठीवर त्याचा नोंदणी क्रमांक हवा. गरोदर बाई, लहान मूल, पूर्वी मानसिक आजार झालेला माणूस यांनी या वाटेला जाऊ नये.

जाताना फाइल पूर्ण न्या. कोलोनोस्कोपीचा रिपोर्ट, बायोप्सी, सूज मोजणारे सीआरपी (रक्त) आणि फीकल कॅलप्रोटेक्टिन (शौच) यांचे रिपोर्ट, चालू गोळ्यांची यादी आणि आधार. बायोप्सीचा कागद घरी विसरू नका, कारण आतड्याचा टीबी हुबेहूब क्रोन्ससारखा दिसतो आणि त्याचे उपचार पार वेगळे. औषध घेतल्यावर चिठ्ठी आणि बिल डबीसोबतच ठेवा, विशेषतः बांद्यावरून गोव्याला जात असाल तर. चिठ्ठी गांजाला मात्र लागू पडत नाही. किलोच्या आतला गांजा कायद्यात ‘अल्प प्रमाण’ धरतात, तरी त्याला एक वर्षापर्यंत कैद, १०,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

गुण किती येतो? २०१३ मध्ये इस्रायलमध्ये क्रोन्सच्या २१ पेशंटवर ८ आठवड्यांची चाचणी झाली. गांजा मिळालेल्या ११ पैकी १० जणांना बरं वाटलं, पण आजार पूर्ण आटोक्यात आला तो ५ जणांचा. प्लासिबो म्हणजे नुसतं दिखाऊ औषध घेतलेल्या १० मध्ये असा १. एवढ्याशा आकड्यांवर मेसालामाइन (आतड्याच्या सुजेवरची नेहमीची गोळी) बंद करणं मला तरी वेडेपणा वाटतो. पोट दुखायचं थांबलं म्हणजे आतली सूज गेली असं नाही.

बोटीवर किंवा आखातात नोकरी असलेल्यांनी आधीच वैद्याला सांगावं. लघवीच्या तपासणीत गांजाचा अंश कित्येक दिवस, रोज घेणाऱ्यांत काही आठवडेही सापडतो. दुबईच्या विमानतळावर आपली चिठ्ठी कुणी वाचत बसत नाही. आणि कॅनडातल्या भाच्याला गांजाच्या तेलाची बाटली कुरिअरने पाठवायला सांगू नका. तिथे ती दुकानात मिळते, इथे कस्टम्समध्ये सापडली की पार्सलवर नाव तुमचं असतं.